पहिला नंबर कुणाचा?

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"मावशी, मी ३५ वर्षांची, डोंबिवली पूर्वेला राहते. फोर्टात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, ९ वर्षं झाली. नवरा आयटीत, ऐरोलीला, आठवड्यातले ३ दिवस त्याचं वर्क फ्रॉम होम असतं. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत, सकाळची शाळा. साडेबाराला ती घरी येते आणि मी येईपर्यंत सासूबाई तिला बघतात. त्या ६८ च्या आहेत, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या महिन्यात मी ऑफिसात जेमतेम खुर्चीत बसले तोच शाळेतून फोन, मुलीला उलट्या होतायत, घेऊन जा. नवऱ्याला ३ वेळा फोन केला, उचलला नाही. मी हाफ डे टाकून पळत सुटले. ठाण्याला पोचेपर्यंत त्याचा मेसेज आला, 'मीटिंगमध्ये होतो. तू निघालीयेस ना? ओके.' तो घरी होता, शाळा घरापासून १० मिनिटांवर आहे. मला पोचायला २ तास लागले, तोवर ती शाळेच्या ऑफिसात बाकावर बसून होती. मला बघून म्हणाली, 'आई तू किती लांब असतेस.' तेव्हापासून झोप लागत नाही. त्यात आता मला डेप्युटी मॅनेजर करतायत. सासूबाई म्हणतात मुलीला या वयात आई लागते, शिवाय टोमणे असतातच, परवा म्हणाल्या माझी ज्येष्ठ नागरिक संघाची सहल पण तुमच्यामुळे हुकली. नवरा म्हणतो निर्णय तुझा, मी सपोर्ट करेन. पाळणाघर लावलं, एक बाई ठेवली तर माझ्या पगारातून उरणार काय? प्रमोशन नाकारू की नोकरीच सोडू?"

अगं बाई माझे,

पहिलं म्हणजे हे पत्र तू रात्री पावणेबाराला पाठवलंयस आणि सकाळी तुला ७ः४० ची गाडी असते असं तूच लिहिलंयस, म्हणजे झोप लागत नाही हे मला कळलंच. आणि दुसरं, तू मला २ पर्याय दिलेस, प्रमोशन नाकारू की नोकरी सोडू, आणि दोन्हीत सोडणारी तूच. तिसरा पर्याय तुझ्या पत्रात नाहीच. तो तू विसरलीस असं नाही, तो तुझ्या घरात कुणाला सुचतच नाहीये, तुला पण नाही.

मी तुझ्या पत्रातलं एकच वाक्य ३-४ वेळा वाचलं. शाळेतून फोन आला. कुणाला? तुला. का? तू तर ५० किलोमीटरवर बसलेली, नवरा १० मिनिटांवर. शाळेला काय माहीत कोण कुठे बसलंय, त्यांच्या रजिस्टरमध्ये पहिला नंबर तुझा आहे. अॅडमिशनच्या वेळी फॉर्म कुणी भरला? तूच भरला असणार, पैज लावते. आणि भरताना हात आपोआप स्वतःचा नंबर लिहून मोकळा झाला.

मला हे चटकन दिसतं कारण माझा जन्मच फोनच्या धंद्यात गेला. ८५ साली मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ते बॉम्बे टेलिफोन्स होतं, पुढच्या वर्षी एमटीएनएल झालं, आणि २०२० च्या जानेवारीअखेर व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडले. सुरुवातीला ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, आमच्याकडे बुक व्हायचे, त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असायचे. लाइटनिंग म्हणजे बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हा जोडायचा, पैसेही त्याचे जबरी. तर मला नेहमी वाटायचं की बाईच्या नावावर घरून येणारा प्रत्येक फोन लाइटनिंगच असतो, गॅस संपला तरी लाइटनिंग, रिक्षावाले काका आले नाहीत तरी लाइटनिंग, आणि पुरुषाला येणारा प्रत्येक फोन ऑर्डिनरी, मीटिंग संपली की बघू. तुझ्या नवऱ्याने ३ मिस्ड कॉल बघितले, तू निघालीयेस हे बघितलं, आणि ओके लिहिलं. मी त्याला राक्षस म्हणत नाहीये हं, त्याच्या दृष्टीने कॉल जोडला गेला होता, विषय संपला.

आता एक काम कर. आज संध्याकाळी घरी गेलीस की एक कागद घे आणि तुझा नंबर कुठे कुठे पहिला आहे ते लिहून काढ. शाळा. शाळेचं अॅप. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. रिक्षाकाका. मुलांचे डॉक्टर. सासूबाईंचे हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपीवाली. गॅस. दूधवाला. पाण्याचा जार. कामवाल्या ताई. सोसायटीचा वॉचमन. डान्स क्लास. सासूबाईंच्या गोळ्यांचं मेडिकल. माझ्या अंदाजाने १२-१३ तरी निघतील आणि नवऱ्याच्या नावावर इंटरनेट आणि गाडीचं सर्व्हिसिंग असे २. हा कागद भांडायला नाहीये, म्हणजे लगेच त्याच्या तोंडावर फेकू नकोस, रविवारी चहाच्या वेळी दोघांनी मिळून बघा. मी बऱ्याच जणींना हे करायला लावलंय आणि खरं सांगते, नवरे लोक हा कागद बघून गप्प होतात. 'मी पण खूप करतो' हे वाक्य त्यांना कागदासमोर नीट म्हणता येत नाही.

कारण करतात ना, करतातच. तुझा पण करत असेल, सांगितलं की भाजी आणतो, सांगितलं की दळण आणतो. प्रॉब्लेम त्या 'सांगितलं की' मध्ये आहे. सरकारने २०२४ मध्ये लोक दिवसभरात कशाला किती वेळ देतात याची पाहणी केली, टाइम यूज सर्व्हे म्हणतात त्याला, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर विरुद्ध दीड तास. आणि हे हातांनी केलेलं काम झालं. ७ः४० च्या गाडीत उभं राहून 'उद्या पीटी आहे, पांढरे बूट ओले आहेत' हे आठवणं कुठल्या मिनिटात धरणार? गाडीत उभी होती असंच लिहिणार ना.

तर माझं म्हणणं असं की कामं वाटू नका, नंबर वाटा. शाळा हे खातं पूर्णपणे नवऱ्याला दे. पूर्णपणे म्हणजे फक्त आणणं-सोडणं नाही गं, ग्रुपवर तो, पॅरेंट्स मीटिंगला तो, फी भरायची तारीख त्याच्या डोक्यात, प्रोजेक्टला चार्टपेपर लागणार आहे हे त्याला आदल्या दिवशी कळणार, आणि उलटी झाली तर फोन त्याला. ज्या २ दिवशी तो ऐरोलीला जातो त्या दिवशी पण फोन त्यालाच, तो ठरवेल काय करायचं, ठाण्याला गाडी बदलून येतो म्हणेल, शेजारच्यांना सांगेल, तुला विचारेल, पण ठरवायची सुरुवात त्याच्याकडून. ऐरोली डोंबिवलीपासून फोर्टपेक्षा जवळच आहे, हे भूगोलातच आहे.

तो म्हणेल मला कॉल असतात. असतात, खरंच असतात, आयटीवाल्यांचं वर्क फ्रॉम होम म्हणजे घरी बसून सुट्टी नसते हे मलाही कळतं, माझा भाचा तसाच दिवसभर कानाला लावून बसतो. आणि हेही खरं की बापाने टीमला सांगितलं 'मुलीला शाळेतून आणायचंय' तर काही मॅनेजर अजूनही विचारतात की मिसेस नाहीयेत का. पण तुझ्या नवऱ्याने हे वाक्य ऑफिसात आजवर एकदा तरी उच्चारून बघितलंय का? तू ९ वर्षांत कितीदा उच्चारलंस? तुझ्या मॅनेजरला तुझ्या मुलीच्या दातांपर्यंत सगळं माहीत असेल आणि त्याच्या मॅनेजरला कदाचित मुलगी दुसरीत आहे हेही माहीत नसेल. त्याला म्हणावं कॅलेंडरवर सव्वाबारा ते पाऊण ब्लॉक टाक आणि हेडफोन लावलास तरी शाळेच्या नंबरला वेगळी रिंग ठेव, एवढं तंत्रज्ञान तर त्याला येत असेलच.

आता अवघड भाग. तो चुकणार. पीटीच्या दिवशी साधा युनिफॉर्म घालून पाठवणार, डब्यात वेफर्स देणार, फॅन्सी ड्रेसचा मेसेज आदल्या रात्री साडेदहाला वाचणार. त्या वेळी तू काय करशील यावर सगळं अवलंबून आहे. तू गप्प बसायचंस. खरंच गप्प. 'मी म्हटलंच होतं' नाही, मागून जाऊन बूट पुसून ठेवायचे नाहीत, ग्रुप म्यूट करून चोरून वाचायचा पण नाही, ग्रुप सोडून दे सरळ. मुलगी एक दिवस चुकीच्या बुटात गेली तर बाई चार शब्द बोलतील, ती घरी येऊन बाबावर ओरडेल, पुढच्या आठवड्यात बाबाला बरोबर आठवेल.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, माझं हे चुकलंय. माझी मुलं लहान असताना माझी मॉर्निंग ड्युटी असली की आमचे हे डबा करायचे. एकदा त्यांनी उपमा केला, आता तो उपमा म्हणजे काय सांगू, चमचा उभा राहिला त्यात, आणि मी संध्याकाळी येऊन उरलेला बघितला आणि मुलांसमोर खूप हसले, शेजारच्या काकूंना पण सांगितलं, वर लग्नकार्यात ५-६ वेळा तो किस्सा रंगवून सांगितला. बस. त्यानंतर ते ओट्यापाशी आले नाहीत. २० वर्षं. मी बाकीच्यांना सांगत फिरायचे की आमच्याकडे काडीची मदत नाही हो, आणि कुणी विचारलं नाही की का नाही. रिटायर झाल्यावर एकदा ते सहज बोलून गेले, 'तू हसलीस ना त्या उपम्याला, मला वाटलं जाऊ दे, तिची जागा आहे ती.' मी त्या दिवशी रात्री जेवले नाही. त्यांनी एका उपम्यावर २० वर्षं काढली हे पण काही बरोबर नाही, पुरुषांना पळवाट मिळाली की ते ती वापरतात हे आहेच, पण ती मी दिली होती. तू देऊ नकोस.

आता सासूबाई. तू लिहिलंस टोमणे मारतात, आणि उदाहरण काय दिलंस, तर सहल हुकली म्हणाल्या. अगं तो टोमणा नाहीये, तो रजेचा अर्ज आहे! ६८ वर्षांची बाई, गुडघा नवा बसवलेला, रोज साडेबारा ते साडेसात ७ वर्षांच्या मुलीमागे, म्हणजे ७ तासांची ड्युटी झाली, आठवड्याचे ५ दिवस, पगार नाही, सीएल नाही, आणि तिला कुणी विचारलं पण नाही की तुम्हाला हे करायचंय का. तुझ्या घरात तुझ्यासारखीच थकलेली दुसरी बाई आहे आणि तुम्ही दोघी एकमेकींवर चिडताय, मधे तो हेडफोन लावून बसलाय. 'या वयात आई लागते' असं त्या म्हणतात त्याचा अर्थ मला तरी असा लागतो की मला आता होत नाही गं. आपल्याकडच्या सासवा मला जमत नाही असं सरळ म्हणत नाहीत, त्यांच्या पिढीत ते म्हणायची सोयच नव्हती, मग ते मुलीच्या नावाने, संस्कारांच्या नावाने, 'आमच्या वेळी' च्या नावाने बाहेर येतं.

त्यांना एकदा विचार. नवऱ्याला पुढे करून नको आणि तू एकटीने पण नको, दोघांनी बसून. 'आई, आठवड्यातून किती दिवस तुम्हाला जमेल?' असा आकडाच विचारा. मला वाटतं त्या सांगतील सगळे जमतील, ते ऐकू नका, २ दिवस कमी करा. त्या २ दिवशी पाळणाघर किंवा दुपारी ३ ते ७ एखादी ताई. डोंबिवलीत पाळणाघरांची काय कमी, ते गाव अर्धं लोकलवर आणि अर्धं पाळणाघरावर चालतं. बघताना एवढंच बघ की मुलांना टीव्हीसमोर बसवून ठेवत नाहीत ना, बाथरूम स्वच्छ आहे का, आणि न सांगता दुपारी ४ वाजता जाऊन ये एकदा. अर्थात जाऊन येणारा नवरा, तो घरी असतो. आणि संघाची पुढची सहल कधी आहे ते विचारून कॅलेंडरवर लिही, त्या दिवशी घरी कोण थांबणार तेही त्याच्या शेजारी.

आता पैशाचं, कारण ते वाक्य मला जाम खटकलं. 'माझ्या पगारातून उरणार काय?' पाळणाघराची फी तुझ्याच पगारातून का वजा होते? मुलगी दोघांची, तर फी दोघांच्या पगारातून. असा हिशोब नवरे कधी करत नाहीत बघ, की पाळणाघर, बाई आणि ठाण्याच्या पुढचा पास वजा करून माझ्या नोकरीत उरतं काय, सोडून देऊ का मी? अकाउंट्सची बाई ना तू, खर्च चुकीच्या खात्याला टाकतेयस.

आणि समज तुझ्या एकटीच्याच पगारातून वजा केलं तरी सगळा हिशोब मांड. तू बेसिक ३०,००० लिहिलंयस. ९ वर्षं झाली, म्हणजे ग्रॅच्युइटीला तू पात्र आहेस, बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, आज सोडलीस तर १,५५,७६९ रुपये तरी मिळतील. छान वाटतात. पण ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर मोजतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं, म्हणजे उद्या प्रमोशननंतर बेसिक वाढत वाढत ४०,००० झालं आणि तू अजून ५ वर्षं काढलीस तर सगळी १४ वर्षं ४०,००० च्या भावाने मोजली जातात आणि आकडा होतो ३,२३,०७७. आधीची ९ वर्षं, ज्यात तू धक्के खात उभी होतीस, तीसुद्धा वरच्या भावाने. प्रमोशन नाकारणं म्हणजे फक्त पुढचं नाकारणं नाही. वर पीएफ, कंपनी पूर्ण बेसिकवर कापत असेल तर महिन्याला ३,६०० तुझे आणि तेवढेच कंपनीचे, त्यातले काही पेन्शनकडे जातात ते सोड. आणि ४ वर्षं घरी बसून चाळिशीत परत नोकरी शोधताना समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो 'गॅप का?' त्या गॅपचा हिशोब कुठल्याच खात्यात बसत नाही.

नोकरी सोडूच नये असं माझं मत नाही हं. माझ्याच बरोबरच्या २-३ जणींनी सोडली आणि त्या सुखात आहेत, एकीने पोळीभाजीचं सुरू केलं आणि आमच्यापेक्षा जास्त कमावलं. पण त्यांना सोडायची होती. तू अख्ख्या पत्रात एकदाही लिहिलं नाहीस की मला काम आवडत नाही. उलट एका ओळीत लिहिलंयस (ती मी वर कापली) की मार्च एंडला ताळेबंद जुळला की तुला अजूनही मजा येते. ताळेबंद जुळल्यावर ज्या बाईला मजा येते तिने घरी बसून काय जुळवायचं?

प्रमोशन घ्यायच्या आधी मात्र साहेबांना काही गोष्टी नीट विचार आणि उत्तरं मेलवर घे. महिन्यातून किती दिवस उशीर होणार, फक्त क्वार्टर एंडला की रोजच? आठवड्यातून एखादा दिवस घरून चालेल का? उशीर असेल त्या दिवशी सकाळी उशिरा येऊ का? हे लाजत विचारायचं नाही, हातातली ऑफर सही व्हायच्या आधी जेवढं मागता येतं तेवढं नंतर मागता येत नाही. पाळणाघराबद्दल विचारशील तर कायद्याने, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. फार चांगला कायदा आहे, पण मला सांग, डोंबिवलीच्या सकाळच्या फास्टमध्ये मूल घेऊन कोण चढणार? फोर्टातलं पाळणाघर दादर-परळवालीला कामाचं, आपल्याला नाही. तो कायदा करणारे बहुतेक गाडीने जात असावेत. आणि एक गंमत बघ, आईसाठी २६ आठवडे रजा कायद्यात आहे, बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात आणि खासगीत असा कायदाच नाही, कंपनी देईल तेवढी. म्हणजे मूल जन्मल्या दिवसापासून पहिला नंबर कुणाचा हे ठरलेलं, तुझा नवरा त्यातच वाढलाय आणि तूही.

'निर्णय तुझा, मी सपोर्ट करेन' या वाक्याबद्दल मी जास्त बोलणार नाही नाहीतर हा लेख इथेच वाढत जाईल. फक्त त्याला एवढं विचार की सपोर्ट म्हणजे काय, वार आणि वेळ सांग. 'मंगळवार, बुधवार, गुरुवार शाळा आणि रात्रीचा कुकर माझा' हा सपोर्ट. बाकी सगळं वाढदिवसाच्या कार्डावर शोभतं.

हे सगळं एका रविवारी होणार नाही. पहिल्या महिन्यात भांडणं वाढतील, आधीच सांगून ठेवते, कारण आत्तापर्यंत जे तुझ्या डोक्यात गुपचूप चालायचं ते आता मोठ्याने होणार. सासूबाई म्हणतील माझा मुलगा ऑफिसचं काम करेल की चार्टपेपर आणेल. आणेल. तुझी आईसुद्धा फोनवर म्हणेल की जरा सांभाळून घे गं, आई लोकांना हे म्हणायची सवयच असते.

आणि लोकलचं. तू लिहिलंस की जाताना तू अॅपवर किराणा मागवतेस आणि येताना मैत्रिणींबरोबर शेंगा सोलतेस, वेळ वाया नको म्हणून. मी पण ३५ वर्षं कल्याणहून केलंय, गवार निवडली, मटार सोलले, स्वेटर विणले, भिशीचे हिशोब केले, एकीचं डोहाळजेवण सुद्धा केलं आम्ही गाडीत. मजा होती, नाही असं नाही. पण ते दीड तास दिवसातले एकटेच असे आहेत जिथे तुला आई म्हणणारं, सूनबाई म्हणणारं, मॅडम म्हणणारं कुणी नाही. भाजी निवडायची असेल तर घरी नवऱ्याच्या हातात दे, तो कॉलवर नुसतं ऐकत असतो तेव्हा त्याचे हात रिकामेच असतात. तू तिघींच्या बाकावर टेकायला चौथी सीट मिळाली तरी झोप. घाटकोपरपर्यंत तरी झोप.

लेक म्हणाली 'आई तू किती लांब असतेस', ते तुला लागलंय. लागणारच. पण ती खोटं काय बोलली? तू लांबच असतेस, रोज १२ तास. ७ वर्षांच्या मुलीला ते साधं सांगता येतं, की हो, मी लांब असते, मला तिथे काम असतं आणि ते मला येतं, आणि बाबा जवळ असतो म्हणून आता शाळेतून तो येणार. तिने त्या बाकावर बसून २ तास जी वाट बघितली ती तुझी होती, कारण तिलाही माहीत नव्हतं की अजून कुणाची बघता येते. हे तिच्याशी बाबानेच बोललं तर फार बरं. एखाद्या शनिवारी तिला तुझं ऑफिस दाखवून आण, खुर्चीत बसव, सीएसटीच्या बाहेर वडापाव खाऊ घाल. माझी लेक अशी एकदा एक्स्चेंजमध्ये आली होती, कानाला हेडसेट लावून 'नंबर प्लीज' म्हणाली आणि पुढचा महिनाभर घरात हेच चाललं होतं.

तर सोमवारची सुरुवात म्हणून शाळेला द्यायचा अर्ज मीच लिहून देते, तुला तेवढंही डोकं लावायला नको:

"मा. मुख्याध्यापिका यांस, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता दुसरीत शिकते. शाळेच्या नोंदीत संपर्कासाठी पहिला क्रमांक तिच्या आईचा आहे. तिची आई कामानिमित्त मुंबईत असते आणि मी बहुतेक दिवस घरीच असतो, तरी कृपया यापुढे पहिला क्रमांक माझा नोंदवावा आणि तिच्या तब्येतीबाबत किंवा इतर कुठल्याही कारणाने आधी मला फोन करावा. माझा फोन लागला नाही तर पुन्हा मलाच करावा. कळावे, आपला नम्र."

खाली सही त्याची. तू लिहून देऊ नकोस, त्याच्याच हाताने लिहून घे, आणि शाळेत नेऊन द्यायला पण तोच जाऊ दे. वर्गाच्या ग्रुपवर तो एकटाच बाबा असला तर पहिले २ दिवस सगळ्या आया गप्प होतील, मग कुणीतरी विचारेल की अहो उद्या कलर डे आहे ना, कुठला कलर. तेव्हा तो तुला फोन करेल.

उचलू नकोस. तू मीटिंगमध्ये आहेस.

— मावशी